हॅदरबीची शीव

९ मार्च २००६, गुरुवार

तर नाही, वेळ जात नाही म्हणून मी लिहायला बसलेलो नाही. वेळ जातो, त्याला ढकलावं लागत नाही. तेहतीस वर्षं मोरकड्याचा कोतवाल होतो. रोज संध्याकाळी तलाठ्याला सांगायचं, आज गावात कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाची शेळी कोणाच्या ज्वारीत शिरली. ती सवय आहे, एवढंच. सिंगापुरात तलाठी नाही, म्हणून माझ्या मुलाच्या, प्रफुल्लच्या, ऑफिसची ही फुकटची डायरी. सातवी नापास माणसाचं अक्षर आहे, कोणी वाचू नये.

आजची बातमी. आमची बिल्डिंग जुनी, क्वीन्सटाउनातली. लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबते, मग एकदम नवव्यावर. आम्ही सहाव्यावर. कोणत्या शहाण्यानं बांधली कोण जाणे. मी आणि नात ऋचा भाजी घेऊन जिना चढत होतो, तर पायऱ्यांवर आमच्या मजल्यावरचा गोरा म्हातारा बसलेला. वॉल्टर. कागद सगळीकडं पसरलेले आणि हा डोळ्यावर चष्मा असून हातानं चाचपत होता. गोळा करून दिले. ऋचा अकरा वर्षांची, इंग्रजी शाळेतली, ती गप्पा मारत बसली. माझ्या पिशवीतली कोथिंबीर सुकली.

ऋचानं आणलेली माहिती अशी. म्हातारा पन्नास साली फौजेतनं इकडं आला, चिनी बायको केली, इथलाच झाला. बायको वारली. मुलगी पर्थला असते, ती मे महिन्यात येऊन त्याला कायमचा घेऊन जाणार. विलायतेत त्याचं गाव आहे, हॅदरबी. चाळीस घरं. तिथल्या लोकांचं पत्र आलंय, आम्ही गावाचं पुस्तक काढतोय, जुनं माणूस तुम्हीच उरलात, तीस एप्रिलच्या आत आठवणी पाठवा. आणि ह्याचे डोळे चाललेत. नोव्हेनाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात टेकले.

चाळीस घरांचं पुस्तक. काय पण हौस.

१२ मार्च, रविवार

ऋचाच्या शाळेत म्हाताऱ्या माणसांची सेवा केली की तास मिळतात म्हणे. घरात एक म्हातारा आहे त्याचे मिळत नाहीत, बाहेरचा लागतो. तर ती आता वॉल्टरचं टाइप करून देणार. सूनबाई म्हणाली, "दादा, पोरीला एकटीला नको पाठवायला, तुम्ही बसा ना सोबत." बसलो.

त्याच्या दारात कुंड्या आहेत वीसेक. प्रत्येक कुंडीला पत्र्याची पट्टी खिळ्यानं टोचून नाव घातलेलं. झाडाला काय कळतं स्वतःचं नाव? पण एकही पट्टी वाकडी नव्हती.

तो सांगायला लागला. डोंगर निळे, चर्चचा मनोरा, गुलाबाचे वेल, उन्हाळ्यात फुलांचा मेळा. ऋचा टकाटका बोटं मारते. मला डुलकी लागली. जाग आली तरी गुलाबच.

शेवटी म्हणलं, "विचार त्याला, गाव असं सांगतात का? डोंगर सगळीकडं असतात. घरं कुठनं कुठवर, पाणी कुठलं, माणूस मेलं तर कुठं नेतात? शिवेपासून सुरू कर म्हणावं."

ऋचा म्हणाली, "आजोबा, सो रूड लाह." इथली पोरं बोलताना शेवटी लाह लावतात.

"सांग म्हणलं ना."

तिनं सांगितलं. वॉल्टर हसला, हसता हसता खोकला. मग कॅलेंडरचं एक पान फाडून पाठकोरी बाजू माझ्यापुढं केली आणि पेन्सिल दिली.

१९ मार्च, रविवार

हॅदरबी शहाणं गाव आहे. मी उगाच बोललो.

त्यांच्याकडं ईस्टरनंतर पाच आठवड्यांनी सगळा गाव शीव चालतो. पुढं पाद्री, मागं पोरंसोरं, हातात विलोच्या काठ्या. प्रत्येक शिवेच्या दगडावर काठ्या हाणायच्या आणि गावातलं एक पोर उचलून त्याचं डोकं दगडाला टेकवायचं. का, तर म्हातारपणापर्यंत त्याला दगड विसरू नये.

"दॅट्स चाइल्ड अब्यूझ," ऋचा म्हणाली.

मी म्हणलं, ह्याला म्हणतात शिक्षण. मग माझंही सांगितलं. दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की आमच्या आज्या-पणज्यांना पुढं करायचे. एरवी सावली चालत नव्हती, पण डोक्यावर माती घेऊन आमचा माणूस जिथनं चालला ती शीव. पाटील असो की कुलकर्णी, त्यावर कोणी बोलायचं नाही. ऋचानं सगळं सांगितलं का अर्धंच, माहीत नाही. पण वॉल्टरनं हात पुढं करून माझा हात दाबला. त्याचा हात फावड्याच्या माणसाचा आहे. मला कळतं.

तो बोलतो, मी रेघ ओढतो. आज चार दगड झाले. ह्या कामाला गोडी आहे.

२६ मार्च, रविवार

अकरा दगड म्हणाला होता. मी मोजले तर दहा. गिरणीपासून ओकच्या झाडापर्यंत शीव ओढ्याच्या काठानं जाते, तिथं दगडच नाही. दुसरीकडं दोन दोनशे पावलांवर दगड आणि इथं हजार पावलं मोकळी. तीही पाण्याकाठी, जिथं पूर आला की हद्द सरकते, जिथं दगड पहिला लागतो.

म्हणलं, "विचार, इथला कुठं गेला? शीव उडी मारत नाही."

ऋचानं विचारलं. वॉल्टर म्हणाला, थकलो. उठला आणि कुंड्यांना पाणी घालायला लागला. सकाळीच घातलेलं होतं, माती ओली होती, मला दिसत होतं.

विसरला असेल. वय झालं.

२ एप्रिल, रविवार

आज घरवार यादी. लोहार, पाववाला, शाळामास्तर, दाई, पोस्टातली बाई. तीन वेड्यांचीसुद्धा नावं घातली. मोठं चांगलं काम झालं. मी यादी ऐकली आणि म्हणलं, "मढी कोण पुरायचं?"

ऋचा म्हणाली, "आजोबा, डोन्ट लाह."

"का? चाळीस घरांत कोणी मरत नव्हतं? खड्डा कोणीतरी खणला असेल."

वॉल्टर म्हणाला, "माझा बाप."

मागच्या पानात त्यानं लिहवून घेतलंय की बाप चर्चच्या नोकरीत होता. मी म्हणलं, मग सरळ लिही की. लाजायचं काय त्यात? मी सांगितलं, मी मढ्यापाशी बसायचो. विहिरीत कोणी सापडलं, झाडाला कोणी लटकलं, की फौजदार येऊन पंचनामा होईस्तोवर राखण कोतवालाची. पाऊस असो, ऊन असो. कुत्री हाकलायची, माश्या वारायच्या. एकदा दोन दिवस बसलो होतो. ज्यांना हात लावायला गावात कोणी नसायचं त्यांना आम्ही उचललं. दुष्काळात तर खडीच्या कामावर

ते जाऊ दे.

घरी आल्यावर सूनबाईनं विचारलं, आज काय लिहिलं? ऋचा म्हणाली, "डेड बॉडीज." सूनबाईनं माझ्याकडं बघितलं. मी टीव्ही लावला.

१४ एप्रिल, शुक्रवार

बाबासाहेबांची जयंती. इथं गुड फ्रायडेची सुट्टी असते, आयती मिळाली. प्रफुल्लच्या ओळखीतल्या प्रमोदच्या कॉन्डोमध्ये खाली हॉल घेतला होता. सगळे आपले, कोणी इंजिनियर, कोणी संशोधन करणारे. वंदना झाली, पोरांनी इंग्रजीत भाषणं केली, जेवण बरं होतं.

प्रमोदच्या बायकोनं, मीनलनं, विचारलं, "आजोबा, तुम्ही काय करत होतात?" माझ्या आधी प्रफुल्लच म्हणाला, "दादा रेव्हेन्यू खात्यात होते."

मी म्हणलं, "कोतवाल होतो. महार वतन गेलं आणि कोतवालकी आली. काम तेच, फक्त पावती मिळायला लागली."

दोघं-तिघं हसले, एकानं तर माझे पाय धरले, त्याचा आजाही कोतवाल होता. प्रफुल्ल हसला नाही. परत येताना एमआरटीत म्हणाला, "दादा, मी खोटं नव्हतो बोललो."

"खरंही नव्हतास बोलला."

पोरगं हुशार आहे, पण नको तिथं सोवळं पाळतं.

१६ एप्रिल, रविवार

आज वॉल्टरनं ऋचाला नको म्हणून सांगितलं. तिला चॉकलेटचं अंडं देऊन परत पाठवलं आणि म्हणाला, तुझ्या बाबांना पाठव. प्रफुल्ल कुरकुरत आला.

वॉल्टरनं सांगितलेलं, प्रफुल्लनं मराठीत करून दिलेलं, तसंच लिहितो.

एकोणपन्नास साल. वॉल्टर सतरा वर्षांचा, बापाच्या हाताखाली खड्डे खणायचा. गावात दर उन्हाळ्याला गवत कापायला एक माणूस यायचा, एमस टल नावाचा. नऊ वर्षं आला. घर ना दार, गिरणीमागच्या छपरात झोपायचा. वॉल्टरला विळ्याला धार लावायला त्यानंच शिकवलं. तो माणूस एका सकाळी ओढ्याकाठी शिवेच्या दगडाला टेकून मेलेला सापडला. दुसऱ्या दिवशी फुलांचा मेळा, लाटसाहेबाची बाई बक्षिसं वाटायला येणार. पोलीस आले, तपासणी लागली की मेळा गेला. गावातली चार मोठी माणसं धुक्यात जमली. एकानं वॉल्टरच्या बापाला म्हणलं, ओढ्यापलीकडं गार्सबीची हद्द आहे.

बास, एवढंच म्हणाला.

मी विचारलं, "खांद्यावर नेलं का फळीवर?"

"शेताचं फाटक काढलं, त्यावर."

"पाय कोणी धरले?"

"मी."

"पाण्यात पाय घसरला असेल. ओलं मढं जड होतं, आणि डोक्याकडचा माणूस घाई करतो."

वॉल्टर म्हणाला, हो. प्रफुल्ल मधेच थांबला आणि माझ्याकडं बघत राहिला. म्हणलं, "बघतोस काय, पुढचं विचार."

पुढचं असं. गार्सबीवाल्यांनी बेवारस म्हणून पुरला. त्यांच्या वहीत 'अनोळखी पुरुष' एवढंच. हॅदरबीत चाळीसच्या चाळीस घरांना त्याचं नाव ठाऊक होतं. एकजण बोलला नाही. पुढच्या वर्षी शीव चालताना सगळा गाव त्या दगडापाशी आला आणि काठी न उचलता पुढं गेला. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. वॉल्टर म्हणाला, मला त्या मढ्याची तेवढी भीती वाटली नाही, त्या न उचललेल्या काठ्यांची वाटली. त्याच उन्हाळ्यात फौजेत गेला, तो परत हॅदरबीला गेला नाही. बापाच्या मातीलासुद्धा नाही.

एमसचं नाव माहीत असलेला आता जगात हा एकटा.

१८ एप्रिल, मंगळवार

ह्यानं लिहायचं का नाही? दोन दिवस तेच चाललंय. पुस्तक काढणाऱ्या कमिटीवर त्या चार माणसांची नातवंडं आहेत. सगळंच पान काढून टाकतील. बापाचं नाव खराब होईल. आणि बाप तर हुकमाचा ताबेदार.

मी म्हणलं, कोणी उचललं ते लिहू नको. कोणी सांगितलं तेही नको. दगड कुठं होता ते लिही आणि नाव लिही. पुरे. मेलेल्याला त्याचं नाव पोचलं की झालं, उचलणाऱ्यांना कशाला मधे आणायचं? हुकूम आला की गरीब माणूस काय करणार?

प्रफुल्लनं ते सांगायच्या आधी मला विचारलं, "दादा, हे वॉल्टर अंकलचंच चाललंय ना?"

काहीही विचारतो. म्हणलं, "मग काय माझं?"

२३ एप्रिल, रविवार

वॉल्टरनं माझं ऐकलं नाही. सगळं लिहवलं. त्या चौघांची नावं, बापाचं नाव, पाय मी धरले, माझं वय सतरा, मला 'नाही' म्हणता आलं असतं. प्रफुल्ल आता स्वतःच टाइप करतो. आठवड्याभरात तीन वेळा ऑफिसमधनं लवकर आला, सूनबाईला नवल वाटलं.

मी म्हणलं, "सतरा वर्षांचं पोरगं कसलं नाही म्हणतंय?"

वॉल्टर म्हणाला, "म्हणता आलं असतं. त्यांनी शिवी दिली असती, बापानं मारलं असतं. पण म्हणता आलं असतं."

मला राग आला. सतरा आणि सदतीस यात फरक असतो का नसतो? सदतीसचा माणूस, घरात चार तोंडं, त्यानं काय करावं? तिथनं उठून आलो. हॉकर सेंटरात जाऊन बिनसाखरेची काळी कॉफी प्यालो. कडू जहर असते.

२८ एप्रिल, शुक्रवार

पोस्टात जाऊन पाकीट टाकलं. वॉल्टर, मी, ऋचा. माझा नकाशाही घातला, अकरा दगडांचा. अकरावा मी स्वतः काढला आणि त्याच्याशेजारी ऋचानं इंग्रजीत एमसचं नाव घातलं. प्रफुल्लनं तेच सगळं कंप्युटरवरनंही पाठवलंय, म्हणजे पाकिटाची गरजच नव्हती. पण वॉल्टरला तिकिटावर शिक्का पडल्याचा आवाज ऐकायचा होता.

मी त्याच्यावरचा राग सोडला. जायचं माणूस आहे.

८ मे, सोमवार

उत्तर आलं. कमिटीतल्या बाईचं. ती त्या चौघांतल्या एकाची नात. प्रफुल्लनं वाचून दाखवलं. लिहिते की दोन मीटिंगा झाल्या, भांडणं झाली. चौघांची नावं छापणार नाही. बाकीचं छापणार. आणि ती स्वतः ओढ्याकाठी गेली, काटेरी जाळी तोडली, दगड तिथंच आहे. एकवीस तारखेला शीव चालायची आहे, तेव्हा त्या दगडावर काठ्या पडतील. गार्सबीवाल्यांना पत्र गेलंय, वहीत नाव घाला म्हणून.

वॉल्टरनं पुन्हा वाच म्हणून सांगितलं. दगडाचं तेवढंच. प्रफुल्लनं चार वेळा वाचलं.

१२ मे, शुक्रवार

आज वेसाकची सुट्टी. बुद्ध जयंतीच ती, आपली उद्या. सकाळी सूनबाईनं खीर केली. वॉल्टरची मुलगी परवा आलीय, आज संध्याकाळचं विमान. खीर घेऊन गेलो तर सामान बांधून घर रिकामं केलेलं, कुंड्या आमच्या दारात आणून ठेवलेल्या. पट्ट्यांसकट.

वॉल्टरनं खीर खाल्ली. मग त्यानं कॅलेंडरचं पान मागितलं, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि ऋचाला म्हणाला, "आता त्यांचं गाव. शिवेपासून."

मी म्हणलं, विमान चुकेल. तो म्हणाला, "कॅन, कॅन. चार तास आहेत."

काढलं. उत्तरेला पिंपळ, तिथनं मसोबाचा दगड, मग पांढरीचा ओढा, मग गायरान. झरझर काढलं, तेहतीस वर्षं चाललोय. मग तळं आलं. तळ्याच्या पाळीवर मोरकड्याची शीव आणि सावळदऱ्याची शीव मिळते. अलीकडं आम्ही, पलीकडं ते. तिथं पेन्सिल थांबली. टोक मोडलं असावं.

वॉल्टरला दिसत नाही. त्यानं रेघेवर बोट ठेवलं, माझी पेन्सिल दाबून चालते, कागदाला घळ पडते. पिंपळापासून बोट फिरवत आला, ओढा, गायरान, तळं. रेघ संपली तिथं बोट थांबलं. बोट तिथंच ठेवून बसून राहिला. खाली टॅक्सी आली, मुलगी हाका मारायला लागली, तरी बसून राहिला.

मीच म्हणलं, "जा बाबा आता."

त्याला कळलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, एकच मजला उतरायचा होता तरी लिफ्टपर्यंत मला धरून चालला. त्याला माझा आधार होता का मला त्याचा, लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे.

१५ मे, सोमवार

पत्र लिहिलं. नक्कल इथं ठेवतो, सरकारी कामाची नक्कल ठेवावी.

'मा. सरपंच, ग्रामपंचायत सावळदरा यांस. सन १९७३, मे महिना, तुमच्या हद्दीत तळ्याच्या पाळीखाली बेवारस बाईचं प्रेत म्हणून जी नोंद आहे, ती बाई बेवारस नव्हती. तिचं नाव कोंडाबाई मनोहर. मोरकड्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला होती, आठ महिने. हजेरीपटावर अंगठा असेल. काम चालू असताना उन्हानं गेली. हद्द मोरकड्याची होती. नोंदीत नाव घालावं ही विनंती. भाऊसाहेब, माजी कोतवाल, मोरकडा.'

ऋचानं पाकीट बघितलं. "आजोबा, हू इज शी?"

म्हणलं, "कुंड्यांना पाणी घाल."

प्रफुल्लनं पत्र वाचलं. उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं. मला वाटलं आता विचारेल. त्यानं तिकीट लावलं आणि बूट घालून स्वतः पोस्टात गेला, ऑफिसला उशीर झाला तरी. परत फोन करून म्हणाला, "दादा, टाकलं. शिक्का माझ्यासमोर मारून घेतला."

झालं. मुकादम काय म्हणाला, सरपंच काय म्हणाला, डोक्याकडं कोण होतं आणि पाय कोणी धरले, ते कोणी विचारायचं नाही. तलाठ्यानं विचारलं तेव्हा सांगितलं नव्हतं, तुम्हाला कशाला सांगू. मी सांगणार नाही.